जुने लोखंडी पाईप काढून पेक्स टाकावेत का? (लाल पाणी, प्लंबर आणि पुतण्या)

तांब्याभांडं
नमस्कार मंडळी. बिल्डिंग 1986 ची, डोंबिवली पूर्व, चार मजले, आम्ही तिसऱ्यावर. घरातले सगळे पाईप मूळचे जीआयचे, भिंतीत गाडलेले. गेली दोन वर्षं सकाळी पहिला नळ सोडला की चहाच्या रंगाचं पाणी येतं, दोन-तीन तांबे ओतून दिले की मग बरं. आता बाथरूममधला शॉवर नुसता थेंबथेंब करतो आणि हॉलच्या भिंतीला खालून पोपडे आलेत. म्हणजे आत कुठेतरी पाईप गेलाय हे नक्की.

आमचे नेहमीचे प्लंबर म्हणतात सगळं काढा, सीपीव्हीसी (क्रीम कलरचे प्लास्टिकचे पाईप) टाकून देतो, चार दिवसांत मोकळं. पुतण्या जर्मनीत असतो, तो म्हणतो काकू ते क्रीम कलरचे पाईप टाकू नकोस, पेक्स टाक, तो पण प्लास्टिकचाच पण लवचिक असतो, वळणावर एल्बो लागत नाही, भिंतीत एकही सांधा राहत नाही. प्लंबरना विचारलं तर म्हणाले "तो गॅसच्या नळीसारखा असतो तो का? तो नाय टिकत." ह्यांचं मत, "अजून एक पावसाळा जाऊ दे." मी मात्र वैतागले आहे. कोणी घरात पेक्स टाकलाय का? भारतात?

चहाटळ
चहाच्या रंगाचं पाणी फुकट येतंय आणि लोक तक्रार करतात. साखर तेवढी टाका.

खडूस_काका
जीआय काढू नका. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात वडिलांनी टाकलेला लोखंडी पाईप वाडा पडेपर्यंत टिकला. ताग गुंडाळून सफेदा (तेलातला पांढरा लेप) लावून आटे बसवले की थेंब गळायची टाप नव्हती. हल्लीच्या पोरांना डाय फिरवून आटे पाडता येत नाहीत म्हणून चिकटवाचिकटवीचे प्लास्टिक निघाले.

चहाटळ
काका, पाईप टिकला पण वाडा पडला, याचा नीट विचार करा.

अर्धा_इंची
माझा धंदाच हा, त्यामुळे जरा लांबण लावतो.

ताई, आधी तुमचं पाणी लाल का येतं ते बघू. जीआय म्हणजे लोखंडी पाईपला जस्ताचा मुलामा. तो मुलामा हळूहळू झिजतो, तीसचाळीस वर्षांत बहुतेक ठिकाणी संपतोच, मग आतलं लोखंड गंजतं आणि गंज फुगून आतल्या बाजूने गाठी धरतो. रात्रभर पाणी पाईपमध्ये उभं राहिलं की सकाळी तेच बाहेर येतं. नवा अर्ध्या इंचाचा जीआय आतून 16 मिलिमीटर असतो, मी काढलेल्या काही पाईपांत पेन्सिल जेमतेम गेली आहे. शॉवर थेंबथेंब करतो तो त्यामुळे. काकांच्या वाड्यातला पाईप टिकला असेल पण आतून किती उरला होता ते कोणी कापून पाहिलं नसणार.

आता पेक्स. पॉलिथिलीनच्याच साखळ्या एकमेकींत आडव्या बांधून घेतल्या की गरम पाण्यालाही न विरघळणारा, न वितळणारा पाईप होतो. 1960 च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत ही पद्धत निघाली, पुतण्याचं घर त्यावरच चालत असणार. पाईप वाईट अजिबात नाही. अडचण पुढे आहे, ती संध्याकाळी लिहितो, साईटवर स्लॅब आहे.

ऑस्टिनकर
इथे अमेरिकेत नव्या घरांत बहुतेक पेक्सच असतो. गरम पाण्याला लाल आणि गार पाण्याला निळा, त्यामुळे भिंत उघडली की आत शाळेच्या नकाशासारखं दिसतं. 2021 च्या फेब्रुवारीत टेक्सासला जी थंडी पडली त्यात आमच्या गल्लीत निम्म्या घरांचे पाईप फुटले. आमचा पेक्स फुगला आणि परत जागेवर आला, पण एक पितळी सांधा तडकला आणि किचनमध्ये पाणीच पाणी. म्हणजे पाईप वाचला पण फिटिंग गेलं. डोंबिवलीत पाणी गोठायची भीती नाही हे मान्य, तरी सांगून ठेवतो.

दुसरं, इथे एक जुनी जखम आहे. 1978 ते 1995 च्या दरम्यान पॉलीब्युटिलीन नावाचा राखाडी लवचिक पाईप लाखो घरांत टाकला. तेव्हाही सगळे असंच म्हणायचे, स्वस्त, लवचिक, सांधे कमी. पाण्यातल्या क्लोरीनने पाईप आणि त्याचे प्लास्टिकचे सांधे आतून ठिसूळ झाले, बाहेरून काही कळायचं नाही, एक दिवस घर पोहायला. शेवटी 1995 मध्ये कोर्टात जवळपास 95 कोटी डॉलरवर तडजोड झाली. आजही घर घेताना लोक आधी राखाडी पाईप आहे का ते बघतात. पेक्स तो नव्हे, पेक्सला युरोपात पाच दशकं झाली, पण "लवचिक आहे म्हणून चांगला" एवढ्यावर जाऊ नका.

ठिबकवाला
आमच्या सांगलीकडं लवचिक प्लास्टिक म्हंजे ठिबकची नळी. काळा पाईप विहिरीवरनं घरापर्यंत दीड हजार फूट नेलाय, वरनं ट्रॅक्टर गेला तरी दाबला जाऊन परत गोल. उन्हात पडून दहा वर्षं झाली. मग हा पेक्स उन्हात का चालत नाही म्हणतात?

अर्धा_इंची
ठिबकवाले दादा, तुमच्या पाईपला काळं करतात ते दिसायला बरं म्हणून नव्हे. त्यात दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक असतं, ऊन तेच खातं. पांढऱ्या-निळ्या पेक्सला ते नसतं, त्यामुळे महिना-दोन महिने उन्हात गुंडाळी पडली तरी आयुष्य कमी होतं. आमच्याकडे साईटवर माल गच्चीवर टाकायची सवय, तिथेच बोंब.

आता सकाळची अडचण. तिसरा मजला, टाकी गच्चीवर. टाकीच्या तळापासून तुमच्या शॉवरपर्यंत सहाएक मीटर उंची धरली तर दाब मिळतो अर्ध्या बारच्या जरासा वर. दहा मीटरला एक बार हा हिशोब लक्षात ठेवा. जर्मनीत नळाला यापेक्षा कितीतरी जास्त दाब असतो, म्हणून तिथे बाहेरून 16 मिलिमीटरचा पेक्स चालून जातो. त्या 16 च्या आतलं भोक 12 चं. जीआयच्या 16 च्या भोकापुढे 12 म्हणजे क्षेत्रफळ जवळपास निम्मं. त्यात पेक्सचं फिटिंग पाईपच्या आत शिरतं, तिथे भोक अजून बारीक. पुतण्याचं ऐकून तसाच टाकलात तर शॉवरचं "थेंबथेंब" नव्या पाईपमधून येईल एवढाच फरक.

आणि सीपीव्हीसीवाले खूश होऊ नका. अर्ध्या इंचाचा सीपीव्हीसी आतून साडेबाराच्या आसपासच असतो, "अर्धा इंच काढून अर्धा इंच टाकला" म्हणणारे प्लंबर इथेच फसवतात, मुद्दाम नव्हे, त्यांना माहीतच नसतं. गच्चीवरून येणारी लाईन आणि बाथरूमपर्यंतचा मुख्य पाईप पाऊण इंच घ्या, पाऊण इंच आतून 18 असतो. फक्त शेवटचा फूट-दोन फूट अर्धा.

तांब्याभांडं
अर्धा_इंची दादा, हे कोणीच सांगितलं नव्हतं. प्लंबरना विचारलं "पाऊण इंच का नाही?" तर म्हणाले "लागत नाय मॅडम, उगाच खर्च." 😐

ओलीभिंत
आमचा सीपीव्हीसीचा किस्सा ऐका, म्हणजे प्लंबर नीट बघून निवडाल. नाशिकला फ्लॅट, सगळं नवीन सीपीव्हीसी केलं. प्लंबरने शेवटचा जॉइंट चिकटवला, हात पुसले आणि दहा मिनिटांत गच्चीवरचा कॉक सोडला. म्हटलं अहो वाळू द्या, तर म्हणे हे झटक्यात धरतं. तीन आठवड्यांनी शेजारीण विचारायला आली की तुमचा गिझर आमच्या देवघराच्या भिंतीमागे आहे का, कारण देव ओले होताहेत. टाईल्स फोडल्या तर एल्बो बोटाने निघाला. पाईप हॅकसॉने कापला होता, कड तशीच खरबरीत, आतला भुसा पण तसाच, आणि चिकटवायला यूपीव्हीसीचा, म्हणजे दुसऱ्याच प्रकारच्या पाईपचा, डबा वापरलेला. सीपीव्हीसीचं सॉल्व्हंट वेगळं असतं हे मला नंतर कळलं, त्यांना कळलं की नाही देव जाणे. त्यांचेच देव ओले झाले असते तर कळलं असतं.

खडूस_काका
म्हणून म्हणतो ताग आणि सफेदा.

अर्धा_इंची
काका, कृपा करून ते सीपीव्हीसीला लावू नका कोणी. जुने मिस्त्री सवयीने प्लास्टिकच्या आट्यांवर सफेदा फासतात, त्यातल्या तेलाने सीपीव्हीसीला बारीक तडे जातात. तिथे टेफ्लॉन टेप. आणि जिथे नळ बसतो तिथे पितळी आट्यांचा एल्बो घ्या, नुसत्या प्लास्टिकचा नको, पाना जरा जास्त फिरला की चिरतो.

ओलीभिंत ताई, प्रेशर टेस्ट केली होती का? टाईल्स बसायच्या आधी सगळी तोंडं डमीने बंद करून हातपंपाने दाब चढवायचा आणि काटा तासभर तरी खाली येत नाही ना ते बघायचं. ही एक गोष्ट केली असती तर देव कोरडे राहिले असते.

ओलीभिंत
नाही हो. तो पंप असतो हेच आत्ता कळतंय. 🤦‍♀️

कुडाळचा_पाहुणा
कोकणात वेगळंच. आमचं घर डोंगराच्या पायथ्याशी, वरच्या झऱ्यावरून काळ्या पाईपने पाणी येतं, ना मोटर ना बिल. पाहुण्यांना कौतुक. फक्त माकडांना पाईप चावायची हौस. वडील म्हणायचे, प्लंबरची गरज नाही, एक कुत्रा पाळा. शेवटी जमिनीत हातभर खोल गाडला तेव्हा थांबलं. घरात मात्र सगळं उघडं भिंतीवरून घेतलंय, दिसायला वाईट पण कुठेही गळलं तर बघताक्षणी कळतं. चिऱ्याची भिंत कोरायची म्हणजे मिस्त्री आधी दोन दिवस तोंड फिरवून बसतो.

चहाटळ
माकडं म्हणजे कोकणातले इन्स्पेक्टर. पाईपची क्वालिटी चावून बघतात.

ऑस्टिनकर
हसू नका, इथे उंदीर पेक्स खातात. पाण्याचा आवाज ऐकून कुरतडतात असं म्हणतात, का ते मला नाही माहीत, पण छतात दोन ठिकाणी मी स्वतः दातांचे ठसे पाहिलेत.

तांब्याभांडं
आमच्या डक्टमध्ये उंदीर आहेत!! मांजराएवढे!

करंट
सगळे पाण्याचं बोलताहेत, मी जरा विजेचं बोलतो, मी वायरिंगवाला.

जुन्या इमारतींत किती तरी ठिकाणी घरातली अर्थिंगची वायर जीआय पाईपला क्लॅम्प करून सोडलेली असते. पाईप जमिनीत जातो, झालं अर्थिंग, असा हिशोब. आता तुम्ही मधला चार फूट पाईप जरी काढून प्लास्टिक टाकलंत तरी ते अर्थिंग तिथेच तुटलं. घरात काही दिसत नाही, सगळे दिवे लागतात, आणि एक दिवस गिझरची कॉईल फुटते. मग नळाला हात लावला की झिणझिण्या. मी एका घरात गेलो होतो तिथे आजी म्हणत होत्या "नवा पाईप टाकल्यापासून नळ चावतो." हसण्यासारखं वाटतं, पण ओल्या पायांनी उभं राहून नळाला हात लावल्यावर जीव जाऊ शकतो.

ताई, पाईप पीव्हीसी, सीपीव्हीसी, पेक्स काहीही टाका, पण आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग कुठे जोडलंय ते बघून घ्या, स्वतंत्र अर्थिंगची वायर ओढून घ्या आणि 30 मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. पाईपच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

खडूस_काका
हा मुद्दा बरोबर आहे. आमच्याकडे रेडिओची अर्थिंगची वायर नळालाच बांधलेली होती.

तांब्याभांडं
अहो मी आत्ताच मीटरबॉक्सपासून पाहत आले. स्वयंपाकघरात नळाच्या वर पाईपला एक गंजलेली पट्टी आणि त्यातून हिरवी वायर!! इतकी वर्षं मला वाटत होतं कोणीतरी कपडे वाळत घालायला बांधली आहे.

चहाटळ
काकू, ओले कपडे तिथे घातले नाहीत ना कधी?

मुनीमजी
एक प्रश्न राहिला. गच्चीवरून खाली येणारी उभी लाईन पण जीआयच असेल ना? घरात कितीही भारी पाईप टाका, उभ्या लाईनमधला गंज घरात येणारच. आमच्या सोसायटीत सहा जणांनी घरं चकाचक केली, पाणी लालच. आदर्श उपविधींत बाहेरची पाण्याची लाईन सोसायटीच्या खर्चात धरलेली आहे, फ्लॅटमधली ज्याची त्याची. सभेत विषय मांडा. सभेत काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे, तळमजलेवाले म्हणतील आमच्याकडे तर पाणी मस्त येतं.

ठिबकवाला
तळमजल्याचं पाणी मस्त येणारच की, शेताच्या खालच्या टोकाला नेहमीच जास्त.

विचारतोय_आपलं
धागा आवडला. सोलर असेल तर काय? आमच्याकडे काचेच्या नळ्यांचा सोलर आहे, उन्हाळ्यात दुपारी नळ सोडला की वाफ येते, गच्चीवरचा क्रीम पाईप मध्येच पोट काढून लोंबकळतोय.

अर्धा_इंची
सोलरच्या तोंडाशी प्लास्टिक नकोच. सीपीव्हीसी आणि पेक्स दोन्ही 82 अंशांना दाब सहन करण्यासाठी मोजलेले असतात, त्यावर गेलं की दाब सोसायची ताकद उतरते, आणि वाफ झाली तर विचारूच नका. टाकीपासूनचे पहिले काही मीटर तरी धातूचा. शिवाय प्लास्टिक तापलं की लांबतं. दहा मीटर सीपीव्हीसी 50 अंशांनी तापला तर तीनेक सेंटीमीटर वाढतो, पेक्स तर सात ते दहा, लोखंड जेमतेम अर्धा सेंटीमीटर. दोन्ही टोकं आवळून टाकली तर पाईप पोट काढणार नाही तर काय करणार? मध्ये वळणाची मोकळीक ठेवा आणि फूटदीड फुटावर क्लॅम्प, पण क्लॅम्पने पाईप गळ्याशी आवळू नका, सरकू द्या.

ऑस्टिनकर
इथेही हीटरच्या तोंडाला पहिले दीड फूट धातूचेच, मग पेक्स.

शिसपेन्सिल
पाईपमधल्या शिशाचं कोणी बोललं नाही. साध्या पीव्हीसी पाईपला बनवताना स्थिर राहावा म्हणून शिशाची भुकटी वापरायचे, त्यावर केंद्राने 2021 मध्ये नियम काढले. पिण्याच्या लाईनीला पाईप घेताना त्यावर छापलेलं वाचून घ्या. दुकानदार म्हणतो "तेच आहे हो, फक्त छाप नाही" तो पाईप झाडांना.

ओलीभिंत
अवांतर: शिसपेन्सिलला शिसं नसतं पण शिसपेन्सिल म्हणतात. चालू द्या.

अर्धा_इंची
मूळ प्रश्नाकडे येतो, नाहीतर ताई चिडतील. पेक्सची खरी गंमत लवचिकतेत नाहीच. ती आहे एका डब्यात. घरात पाणी आलं की एक पितळी मॅनिफोल्ड, एमसीबीच्या डब्यासारखाच, त्याला प्रत्येक नळाचा वेगळा छोटा व्हॉल्व्ह, आणि तिथून प्रत्येक नळापर्यंत अखंड एक पाईप. भिंतीत सांधा शून्य. बेसिनचा नळ बिघडला तर बेसिनपुरतं पाणी बंद, बाकी घर चालू. हे खरोखर सुंदर आहे, मी स्वतः पुण्यात दोन बंगल्यांत केलंय, तिथे प्रेशर पंप होता.

पण तुम्ही विचारा की आठ वर्षांनी गणपतीच्या आदल्या रात्री एक सांधा गळला तर तुमच्या गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे त्याचं फिटिंग मिळेल का, आणि ते दाबायचं यंत्र कोणाकडे आहे? सीपीव्हीसीचा एल्बो रात्री नऊला पण कोपऱ्यावर मिळतो. उंदीर आहेतच. दाब कमी आहे. पुतण्याचं चुकलं नाही, त्याचं घर वेगळं आहे. माझं मत, सीपीव्हीसी, पाऊण इंच, प्रेशर टेस्ट माझ्या समोर असं प्लंबरला आधीच सांगून.

कोथरूडची_काकू
मी असहमत. आमच्याकडे पेक्सच आहे, मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेला, चार वर्षं झाली, काही नाही. भिंती फोडाव्या लागल्या नाहीत, कोपऱ्याकोपऱ्याने फिरवून पट्टीत झाकला. म्हाताऱ्या सासूबाई घरात, धूळ नको होती. तोडफोड टाळायची असेल तर विचार करा. फिटिंग दोन जास्तीची आणून कपाटात ठेवली आहेत, ह्यांच्या शर्टांच्या मागे.

अर्धा_इंची
हे मात्र मान्य. उघडा फिरवणार असाल आणि दाब असेल तर मस्त. उंदरांची तेवढी काळजी घ्या.

मुनीमजी
+1

तांब्याभांडं
तीन आठवड्यांनी अपडेट. सीपीव्हीसी, पाऊण इंच. प्लंबर बदलला नाही, पण त्यांना हा धागा वाचून दाखवला, ते आधी रागावले, मग म्हणाले "हा अर्धा इंचवाला कोण आहे, बरोबर बोलतो." टेस्टिंग पंप भाड्याने आणला. पहिल्या दिवशी काटा खाली आला, किचनचा एक सांधा पाझरत होता, टाईल्स बसायच्या आधी सापडला. अर्थिंग नवीन केलं, आरसीसीबी बसवला, आणि तो बसवल्या दिवशीच जुन्या मिक्सरने पाडला, म्हणजे मिक्सरमधून इतके दिवस वीज गळत होती.

उभी लाईन अजून जीआयचीच. सभा पुढच्या रविवारी. तोपर्यंत घरात शिरायच्या तोंडाला जाळीचा फिल्टर लावलाय, दर चार दिवसांनी धुवायला काढला की चमचाभर लाल गाळ.

हॉलच्या भिंतीतला पाईप काढला तो मुद्दाम भंगारात दिला नाही. मधून कापून घेतला. आत पेन्सिल जात नाही हो, उदबत्तीची काडी जाते. सभेत तो टेबलावर ठेवणार आहे.

खडूस_काका
बाहेरून किती मजबूत दिसतोय ते पण दाखवा.

चहाटळ
ताई, शॉवरचं काय झालं?

तांब्याभांडं
अंघोळीला आता ह्यांना अर्धा तास लागतो. पाणी पुरत नाही म्हणून टाकी मोठी करायचा धागा काढू का?

विचारतोय_आपलं
काढा. आणि तो टेस्टिंग पंप भाड्याने कुठे मिळतो ते व्यनि (खासगी निरोप) करा.